बरं झालं सांगितलंत : आमच्या प्रेस शॉपमधलं दीड वर्ष

मार्चएन्ड संपला, ऑडिट झालं, आता थोडी उसंत मिळाली म्हणून लिहायला बसले. चाकण, भोसरी, तळवडे, रांजणगाव या भागात मध्यम साइजच्या कंपन्यांमध्ये ज्यांना "सेफ्टी पण तूच बघ" असं सांगितलं गेलंय त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहितेय. माझं मूळ काम क्वालिटीचं. फॅक्टरी अ‍ॅक्टच्या कलम ४०-ब प्रमाणे तेव्हा सर्वसाधारणपणे हजार किंवा त्याहून जास्त कामगार असले तर सेफ्टी ऑफिसर ठेवावा लागायचा, आमच्याकडे कंपनीचे आणि कॉन्ट्रॅक्टचे धरून तीनशेच्या आत माणसं, त्यामुळे वेगळा माणूस नाही आणि २०२१ पासून ते काम माझ्याकडे. गाड्यांचे पत्र्याचे छोटे पार्ट बनवतो, ब्रॅकेट, क्लॅम्प वगैरे. म्हणजे दिवसभर पॉवर प्रेस, पत्रा दाबून कापणारी-वाकवणारी मशीन.

सुरुवात अपघातापासूनच करावी लागेल. ११ ऑक्टोबर २०२२, दुसरी पाळी, संध्याकाळचे सव्वासात. ६३ टनाच्या पिन क्लचच्या प्रेसने डबल स्ट्रोक मारला, ऑपरेटर तयार पीस काढत होता, त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची वरची पेरं गेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पिन क्लचची प्रेस एकदा सुटली की पूर्ण फेरी मारल्याशिवाय मध्ये थांबतच नाही, त्यामुळे तिला लाइट कर्टन (हात मध्ये आला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा) लावून काही उपयोग नसतो, आणि क्लचची स्प्रिंग तुटली किंवा ब्रेक सैल झाला की पायडल न दाबता ती दुसऱ्यांदा खाली येऊ शकते. तेच झालं. तो मुलगा सत्तावीस वर्षांचा, परभणीकडचा, त्याच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. हॉस्पिटलच्या बाहेर त्याची बायको बाळाला घेऊन बसली होती आणि मला तिच्याशी काय बोलायचं ते कळत नव्हतं. ती रात्र मी अजून विसरले नाहीये.

पुढचे आठ-दहा दिवस कागदांचे. कारखाना निरीक्षकांच्या ऑफिसला अपघाताची सूचना, ईएसआयच्या (कामगार राज्य विमा) पोर्टलवर रिपोर्ट, पोलीस स्टेशनला जबाब, कस्टमरला मेल. (एक सांगून ठेवते, कामगाराचं ईएसआय कार्ड, आधारवरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव एकसारखं आहे का हे अपघात होण्याआधीच तपासून ठेवा. याच्या आडनावात एका अक्षराचा फरक होता, त्यामुळे तात्पुरत्या अपंगत्वाचे पैसे, म्हणजे पगाराच्या ९० टक्के मिळतात ते, सुरू व्हायला आमच्याकडून साडेतीन आठवडे गेले.) ती प्रेस त्या रात्रीपासून बंद, नंतर भंगारात काढली.

तिसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये आमचे सगळ्यात जुने डाय सेटर (प्रेसमध्ये डाय, म्हणजे पार्टचा साचा, बसवणारे), सगळे त्यांना मामा म्हणतात, माझ्यासमोर येऊन बसले. चहा तसाच ठेवला आणि हळूच म्हणाले, "मॅडम, ती सप्टेंबरमध्ये दोनदा डबल मारली होती. पोरांना माहीत होतं." मी विचारलं मग सांगितलं का नाही. म्हणाले, सांगितलं की प्रेस बंद, टार्गेट खाली, वर "तूच पाय पायडलवर ठेवला असशील" हे ऐकायचं आणि खुलासा लिहून द्यायचा. आणि गेटवर तो बोर्ड होता ना, अपघातविरहित दिवस २८७, तीन महिने बोर्डावर लाल आकडा आला नाही तर प्रत्येकाला पाचशेचं कूपन. दिवाळी तोंडावर आलेली. आपल्यामुळे सगळ्यांचं कूपन जाईल अशी कुठलीच गोष्ट कुणाला तोंडातून काढायची नव्हती. बोट कापलं तर पोरं खिशातनं चिकटपट्टी काढून लावायची, फर्स्ट एडच्या रजिस्टरमध्ये नोंद नको म्हणून. तो बोर्ड मीच सुरू केला होता, चांगल्या हेतूने.

मामा उठून गेले आणि मी नुसतीच बसून राहिले, त्यांना काहीच बोलले नाही. रात्री डोक्यात तेच. तीस वर्षं नोकरी झालेला माणूस, स्वतःच्याच लोकांची गोष्ट मला येऊन सांगतो, त्याला किती जड गेलं असेल. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला मुद्दाम गेले आणि म्हटलं, "मामा, बरं झालं सांगितलंत. तुम्ही नसतं सांगितलं तर मी अहवालात 'ऑपरेटरची चूक' असं लिहून मोकळी झाले असते." ते काही बोलले नाहीत, मान हलवली फक्त. पण त्याच आठवड्यात अजून दोघं आले, एक ४ नंबरच्या प्रेसच्या ब्रेकचं सांगायला आणि एक फोर्कलिफ्टच्या हॉर्नचं. मामांनीच पाठवले असणार. माझ्या डोक्यात हे सगळं तिथून सुरू झालं.

जानेवारी २०२३ मध्ये प्लांट हेडना एक पानी नोट दिली. नोटमध्ये तीन गोष्टी. धोका सांगणाऱ्याला खुलासा मागायचा नाही, तर आभार मानायचे. दोन दिवसांच्या आत परत जाऊन त्याला काय केलं ते सांगायचं. आणि छोट्या दुरुस्त्यांसाठी महिन्याला १५,००० रुपये माझ्या सहीने. सर म्हणाले, थँक्यू म्हणायला बजेट कशाला लागतं? मी म्हटलं, सर, थँक्यू म्हणून तो तुटलेला गार्ड तसाच ठेवला तर पुढच्या वेळी माणूस माझ्याकडे बघणारही नाही. पहिल्या दोन मुद्द्यांना लगेच हो मिळालं, पैशाला नाही. फायनान्सकडे फाइल गेली, तिथून "कॅपेक्स की मेन्टेनन्स" (भांडवली खर्च की देखभालीचा) हा प्रश्न घेऊन परत आली, असं करत करत मंजुरी जुलैमध्ये मिळाली. तोपर्यंत प्रत्येक नट-बोल्टसाठी वेगळी रिक्विझिशन, म्हणजे मागणीचा कागद.

नियर मिसचा (थोडक्यात टळलेल्या अपघाताचा) आमचा आधीचा फॉर्म दोन पानी, इंग्रजीत, त्यात "रूट कॉज" चा रकाना. कोण भरणार तो. मी पोस्टकार्डाएवढं कार्ड केलं, एका बाजूला मराठी एका बाजूला हिंदी (आमची निम्मी कॉन्ट्रॅक्टची मुलं बिहार-ओडिशाची आहेत), तीनच ओळी : कुठे, काय दिसलं, काय केलं तर बरं होईल. नाव लिहायचं तर लिहा. यावर एचआरशी तीन मीटिंग, त्यांना नाव कम्पल्सरी हवं होतं, शेवटी सेफ्टी कमिटीत ठेवलं, तिथे कामगार आणि मॅनेजमेंट निम्मे-निम्मे असतात आणि कामगारांच्या बाजूने सगळ्यांनी नाव ऐच्छिक ठेवा म्हणून हात वर केले, मग मिनिट्समध्ये तसं आलं. आयएसओ ४५००१ (कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक) असल्यामुळे फॉर्मॅट नंबर, रिव्हिजन नंबर, जुना फॉर्म रद्द केल्याची नोंद, यात अजून तीन आठवडे. तुम्ही करणार असाल तर डॉक्युमेंट कंट्रोलवाल्याला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. खर्च म्हणाल तर १००० कार्डं १,८०० रुपये, ती टाकायच्या तीन पेट्या प्रत्येकी ६५०.

४ मार्च २०२३, राष्ट्रीय सुरक्षा दिवस. (१९६६ मध्ये याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली म्हणून हा दिवस.) शपथ, पोस्टर स्पर्धा झाली, आणि शेवटी मी सगळ्यांचे आभार मानून कार्डाबद्दल सांगितलं. टाळ्या पडल्या आणि काहीही झालं नाही. नंतर लक्षात आलं, आपल्याकडे आभारप्रदर्शन म्हणजे कार्यक्रमाचा शेवटचा भाग, लोक उठायला लागलेले असतात, ते शब्द कुणाच्या कानात शिरतच नाहीत. आणि आपली माणसं एकमेकांना धन्यवाद म्हणतात तरी कुठे? घरात आईने ताट वाढलं तर आपण धन्यवाद म्हणत नाही, म्हटलं तर तिलाच परकं वाटेल. आपण म्हणतो "आज भाजी मस्त झालीय". मामांना सुद्धा मी थँक्यू म्हटलंच नव्हतं. तेव्हापासून मी माईकवरून आभार मानणं बंद केलं, एकेकाकडे जाऊन, त्याने नक्की काय बघितलं ते त्याच्याच शब्दात परत सांगून, "बरं झालं सांगितलंत" एवढंच म्हणायला लागले.

पहिल्या महिन्यात चार कार्डं आली. त्यातली दोन कॅन्टीनच्या चहाबद्दल. ती बाजूला ठेवायचा मोह होता पण नाही ठेवली, कॅन्टीनच्या कॉन्ट्रॅक्टरशी बोलले, चहा बदलला, आणि ज्यांनी लिहिलं होतं त्यांना जाऊन सांगितलं. माझ्या मते त्या दोन चहाच्या कार्डांनी बाकी कशाहीपेक्षा जास्त काम केलं, पेटीत टाकलेलं कुणीतरी वाचतं हे लोकांना तिथे कळलं.

आणि मग माझ्याकडून मोठी चूक झाली.

एप्रिलच्या शेवटी रात्रपाळीच्या एका हेल्परने कार्ड टाकलं, नावासकट : ६ नंबरला दोन्ही हातांच्या बटणांपैकी एक बटण टेप लावून दाबून ठेवलंय. ही न्यूमॅटिक प्रेस, दोन्ही हातांनी एकदम बटण दाबलं तरच चालते, म्हणजे तेवढा वेळ हात डायच्या बाहेरच राहतात. एक बटण बांधलं की एक हात मोकळा, आणि मोकळा हात डायमध्ये जाणारच. मला इतका आनंद झाला की सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये (काम सुरू करण्याआधीची छोटी सुरक्षा बैठक) मी त्या मुलाला पुढे बोलावलं, नाव घेतलं, टाळ्या वाजवायला लावल्या. त्याच वेळी सुपरवायझरने बाजूला ऑपरेटरला सगळ्यांसमोर झापलं. दोन मिनिटांत तो हेल्पर चुगलखोर ठरला. दुपारी डबा खायला त्याच्या बाकावर कुणी बसलं नाही, मी काचेतून बघत होते, तो भिंतीकडे तोंड करून पटापट जेवला आणि उठला. पुढचे तीन आठवडे पेटी रिकामी.

मी त्याच्याकडे गेले आणि माफी मागितली. म्हटलं, तुला विचारल्याशिवाय तुझं नाव घ्यायला नको होतं. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही चांगलंच केलं, पण आता मला राहायचंय त्यांच्यातच." त्याची लाइन बदलून हवी का विचारलं, नको म्हणाला. तेव्हापासून नियम केला, चारचौघात कौतुक करायचं तर आधी विचारायचं, आणि निम्मे लोक नको म्हणतात, तर नको.

दुसरं काम जास्त अवघड होतं, ऑपरेटरशी बोलायचं. तो फुगून बसलेला. मी प्रेससमोर त्याच्या स्टुलावर बसले आणि म्हटलं मला शिकवा, मी पन्नास पीस काढते. पंधराव्या पिसालाच माझे खांदे भरून आले. बटणांचा स्टँड खूप वर होता, आधीच्या उंच ऑपरेटरच्या हिशोबाने लावलेला, हा पाच फूट दोन इंच, दर स्ट्रोकला हात वर न्यायचे, पाळीचं टार्गेट ९००. त्यात पीस डायला चिकटायचा, तो चिमट्याने ओढून काढायचा. मी विचारलं हे आधी का नाही सांगितलंत, तर म्हणाला, "सांगून काय, बदली माणूस आणला असता." मी म्हटलं, आज तुम्ही खरं कारण सांगितलंत, बरं झालं, नाहीतर मी अजून एक वॉर्निंग लेटर काढून बसले असते आणि टेप परत लागली असती. स्टँड नऊ इंच खाली घेतला, मेन्टेनन्सने वेल्डिंग करून एका दुपारी दिला. पीस सोडवायला हवेचा जेट लावला, ४,२०० रुपये. आणि हे सगळं "हेल्परच्या कार्डामुळे झालं" असं त्या ऑपरेटरनेच पुढे आपल्या लोकांना सांगितलं. जूनपासून ते दोघं परत एकत्र डबा खायला लागले. पेटीत पण कार्डं यायला लागली.

मला विचाराल तर झापणाऱ्या सुपरवायझरला बदलवणं हा यातला सगळ्यात मोठा डोंगर. ते वाईट नव्हते, त्यांच्यावर डिस्पॅचचं प्रेशर असतं, तास वाया गेला की वरून फोन. त्यांचे आभार कुणीच मानत नव्हतं. मी क्वालिटीची, माझा त्यांचा रोजचा वाद. मी ठरवून सुरू केलं, ज्या दिवशी कुणी प्रेस थांबवून ब्रेक चेक करायला लावला त्या दिवशी संध्याकाळी प्लांट हेडना मेल, सुपरवायझरला सीसी : आज अमुक कारणासाठी ४० मिनिटं प्रेस थांबवली, योग्य निर्णय. दोन ओळी. त्या मेलमुळे डिस्पॅचवाल्यांना उत्तर द्यायला त्यांच्या हातात काहीतरी आलं. हे लहान वाटेल पण करून बघा.

हाउसकीपिंगच्या मावशींबद्दल लिहायलाच हवं. कुठल्या मशीनखाली तेल गळतंय हे मेन्टेनन्सच्या आधी त्यांना माहीत असतं कारण पुसतात त्याच. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून त्या तोंडी सांगणार आणि गेटवरचा सिक्युरिटीवाला कार्ड भरणार असं ठरवलं. एकीने पहिल्याच दिवशी सहा जागा दाखवल्या. अकरा वर्षं त्या तिथे काम करतात. म्हणाल्या, "कुणी इचारलंच न्हाई कधी." क्रेनवाल्या काकांनी पण ज्या स्लिंगचे (ओझं क्रेनला अडकवायच्या दोराचे) वायर तुटून बाहेर आले होते त्या चार स्लिंग स्वतः आणून माझ्या टेबलावर ठेवल्या, त्या दिवशीच कापून भंगारात टाकल्या, म्हणजे कुणी परत उचलून वापरायला नको.

जुलैमध्ये बोर्ड काढला आणि कूपन बंद केलं. नाराजी खूप झाली, आणि बरोबरच होती, पाचशे रुपये हे पाचशे रुपये असतात. कॅन्टीनमध्ये तीन दिवस "मॅडमने आमची दिवाळी खाल्ली" चाललं होतं. कमिटीत चर्चा होऊन ठरलं की तीच रक्कम दिवाळीला सगळ्यांना द्यायची, अपघाताशी काही संबंध न ठेवता. हे आधी ठरवून मग बंद करायला हवं होतं, माझा क्रम चुकला.

ऑगस्टमध्ये वरून फर्मान आलं, प्रत्येक सुपरवायझरने महिन्याला पाच कार्डं आणायची. ३१ तारखेला एकाच अक्षरात २२ कार्डं पेटीत. "जमिनीवर पाणी", "जमिनीवर पाणी". मी ती सगळी घेऊन सरांकडे गेले, टेबलावर पसरली, त्यांनी दोन मिनिटं वाचली आणि टार्गेट काढून टाकलं. याबद्दल मी त्यांची मनापासून आभारी आहे, आणि ते त्यांना सांगितलं सुद्धा.

सप्टेंबरला कस्टमरचं ऑडिट. ऑडिटरने ग्राफ बघून विचारलं, मागच्या वर्षी सहा महिन्यांत दोन नियर मिस आणि यावर्षी एकतीस, तुमचं सेफ्टी बिघडलंय का? हाइनरिखने १९३१ मध्ये मांडलेला एक मोठी इजा, एकोणतीस किरकोळ, तीनशे बिनइजेचे प्रसंग असा त्रिकोण त्याला तोंडपाठ होता. ते आकडे आता जसेच्या तसे कुणी धरत नाही, पण मी त्याला एवढंच विचारलं, मग आमचे मागच्या वर्षीचे तीनशे कुठे होते असं तुम्हाला वाटतं? फ्लोअरवर घेऊन गेले, ६ नंबरचा स्टँड दाखवला, ऑपरेटर स्वतः बोलला. त्याने ऑडिटचा पॉइंट, म्हणजे उणीव, काढला नाही.

२३ ऑक्टोबर, खंडेनवमी. आमच्याकडे दरवर्षी मशीन धुऊन पुसून झेंडूच्या माळा, नारळ, पेढे, सगळी हत्यारं मांडून पूजा. वर्षभर जे आपलं पोट भरतं त्याच्यापुढे हात जोडायची पद्धत आपल्याकडे आहेच, मला ती फार आवडते. पूजा नेहमी प्लांट हेड करतात. मला वाटत होतं की यावेळी ज्याची बोटं गेली त्याच्या हस्ते करावी, तो जानेवारीपासून परत रुजू होऊन स्टोअरमध्ये काम करत होता. त्याला विचारलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "नको मॅडम. सगळे हाताकडेच बघतील." मी हा विचार करायला हवा होता. पूजा मामांनी केली. तो मागे, दरवाज्याजवळ उभा होता, प्रसाद घेतला आणि गेला.

वर्षभर त्याच्याकडून एकही कार्ड आलं नव्हतं, आणि मी कधी विचारलं नाही.

४ मार्च २०२४ ला काही मोठा कार्यक्रम केला नाही. प्रत्येक लाइनवर जाऊन त्या लाइनच्या कार्डांमुळे काय काय बदललं तेवढं वाचून दाखवलं, नावं न घेता. दीडशेच्या आसपास कार्डं झाली होती, त्यातली पंचवीसेक कामं अजून बाकी, तीही वाचली, का बाकी ते सांगून. याच वर्षात तीन किरकोळ इजा झाल्या, तिन्ही त्याच दिवशी रजिस्टरमध्ये आल्या.

त्यानंतर दोन आठवड्यांनी पेटीत एक कार्ड मिळालं, अक्षर वाकडंतिकडं, डाव्या हाताने लिहिलेलं. स्टोअर, रॅक नंबर ३, बीमच्या लॉकिंग पिना नाहीत, खालून फोर्कचा धक्का लागला तर बीम सुटेल. नाव लिहिलं होतं. मी बघायला गेले तर खरंच, वरच्या दोन मजल्यांना पिना नव्हत्याच, आणि त्यावर डायचे स्पेअर, एकेक पंचवीस-तीस किलोचे. रॅक त्याच दिवशी रिकामा करायला लावला. पिना बाजारातून आणल्या, १४ नग, ३५ रुपये प्रमाणे, दुसऱ्या दिवशी दुपारी बसवून झाल्या आणि मी त्याला सांगायला गेले. म्हटलं, बरं झालं सांगितलंस, आम्ही रोज त्याच्या खालून जातो आणि कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं.

तो रॅककडे बघत होता. म्हणाला, "मॅडम, सोळा लागतात. मागच्या बाजूच्या दोन राहिल्यात."